नानांची खोली मोठी दिसते

२ तारीख, सोमवार

साहेब आज चहाच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणाले, "याला काडेपेटी दिली तरी हा आतून दोन पलंग, एक सोफा आणि बाल्कनी दाखवेल." सगळे हसले. मीही मान खाली घालून हसलो. साहेबांच्या तोंडून कौतुक निघतं ते एवढंच, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आमची कंपनी लोकांना सहलीसाठी खोल्या मिळवून देते. लोक घरी बसून फोटो बघतात, खोली पसंत करतात, आणि ते फोटो मी काढतो. गावोगावच्या लॉजांत मला 'फुगेवाला' म्हणतात, कारण मी खोल्या फुगवतो. करामत सगळी माझ्या डबीची. डबी म्हणजे शर्टाच्या खिशात मावणारा कॅमेरा, पण त्याचं भिंग इतकं रुंद की एका कोपऱ्यात पाठ टेकवून उभं राहिलं तर उरलेले तीनही कोपरे एकदम पकडतं. डबी कमरेच्या उंचीवर धरायची, पलंगाचं पायथ्याचं टोक जवळ येऊ द्यायचं, कचऱ्याचा डबा पायानं बाहेर सारायचा. पलंग लांबतो, खिडकी दूर पळते, आणि जिथे दोन माणसं आली तर एकाला पलंगावर चढावं लागतं तिथे कवायत घेता येईल असं वाटायला लागतं.

कवायतीवरून नाना आठवले. नाना म्हणजे माझे सासरे. शाळेत कवायतीचे मास्तर होते. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहतात. मागच्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि शेजाऱ्यांना हाक ऐकू जाईपर्यंत तसेच पडून होते. तेव्हापासून हिची झोप उडाली आहे. हिचा रोज फोन, इथे या. नानांचं रोज उत्तर, "तुमच्याकडे कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारावं लागतं. मी आलो की तुमचीच अडचण." आज ही फोन ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिली. मला ते बघवलं नाही.

३ तारीख, मंगळवार

ही कामावर गेल्यावर मागची खोली रिकामी केली. नानांनी ही खोली कधी बघितलेली नाही. ते येतात तेव्हा पुढच्या खोलीत दिवाणावर झोपतात आणि चौथ्या दिवशी निघतात. मागच्या खोलीचं दार आम्ही पाहुण्यांसमोर उघडत नाही, कारण उघडलं की काहीतरी अंगावर पडतं.

इस्त्रीचं टेबल, सायकल, रद्दी, जुनी गादी, सगळं जिन्यात नेऊन ठेवलं. छोट्या पलंगावर नवी चादर घातली. मोठं कपाट तेवढं हलेना, म्हणून ते फोटोत येणार नाही अशी दाराआड पाठ टेकवली, पोट आत घेतलं आणि डबी धरली. शेवटचा फोटो असा आला की क्षणभर मलाच वाटलं, आपण इथे भाडेकरू का ठेवला नाही. नानांना पाठवून दिला. खाली लिहिलं, 'तुमची खोली.' यात खोटं एक अक्षर नाही. खोली तीच, भिंती त्याच.

सायकल परत आत नेताना मात्र दारात अडकली.

४ तारीख, बुधवार

मात्रा लागू पडली. नानांचा फोन आला तो थेट मला. "जावईबापू, फोटो पोचला. एवढी खोली घरात असून तुम्ही मला दिवाणावर झोपवत होतात याचं नवल वाटलं. येतो मी. चार दिवस राहून बघतो, जमलं तर पुढचं पुढे."

मी म्हटलं, "जमेलच."

"मग माझा मोठा पलंगही टेम्पोनं मागवीन म्हणतो. फोटोत बघितलं, खिडकीपाशी आरामात बसेल."

तो पलंग मी पाहिला आहे. त्यावर चार माणसं झोपून पाचव्याला जागा उरते. तो आमच्या खोलीत आणण्यापेक्षा आमची खोली उचलून त्याच्यावर ठेवणं सोपं. "बघू की," म्हणून मी फोन ठेवला.

हिला सांगितलं तर आधी डोळ्यांना पदर लावला, मग विचारलं, "तुम्ही काय केलंत?" मी फोटो दाखवला. तिनं तो बघितला, उठून मागच्या खोलीत गेली, परत आली, पुन्हा बघितला. "अहो, ही कुणाची खोली?" मग नानांना फोन लावला आणि बाल्कनीचं दार ओढून घेऊन बोलत बसली. बाहेर नुसता हसण्याचा आवाज. सासूबाई गेल्यापासून बापलेक इतके हसले नसतील. बरं वाटलं. मी मध्ये गेलो नाही.

आत येऊन म्हणाली, "तुमचा दौरा त्याच रस्त्यानं आहे ना? मग नानांना गाडीत घ्या आणि कामं करत करत घेऊन या. तेवढीच त्यांची सहल. आणि एक सांगून ठेवते. या वेळी परत गेले तर पुन्हा यायचे नाहीत."

म्हणजे मी लॉजालॉजांतून खोल्या फुगवणार आणि नाना शेजारी उभे राहून बघणार. एक खोली फुगताना दिसली की दुसरी आपोआप फुटली. आपणच खड्डा खणायचा आणि आपणच त्यात पडायचं, वर सासऱ्यांचा हात धरून. नाही म्हणायला कारण सापडेना.

७ तारीख, शनिवार

नाना पायरीवर तयार उभे होते. एक बॅग आणि एक छत्री. पलंगाचं विचारलं तर म्हणाले, "तो मागाहून. आधी खोली डोळ्यांनी बघतो."

निघताना त्यांनी शेजाऱ्याला कुंड्यांना पाणी कसं घालायचं ते बजावलं, फाटक त्याच्याकडून दोनदा लावून घेतलं आणि पोक काढून चालतो म्हणून त्याला झापलंही. गाडीत बसले मात्र आणि माणूसच बदलला. गुडघे हनुवटीला टेकले होते तरी म्हणाले, "छान ऐसपैस आहे हो गाडी."

पहिल्या लॉजच्या मॅनेजरला मी बाजूला घेऊन सांगितलं, म्हाताऱ्यांना चहा द्या आणि गप्पांत अडकवा. दोन खोल्या निर्धास्त उरकल्या. तिसरीत जागा नव्हती म्हणून न्हाणीघरात कमोडच्या झाकणावर चढून, दारातून डबी बाहेर काढून उभा होतो, तोच समोर नाना.

"जावईबापू, उंदीर आहे का?"

"आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नानांनी झाडू मिळवला आणि पलंगाखाली उंदीर शोधायला लागले. एकाही फोटोतून झाडू सुटला नाही. ती खोली उद्या सकाळी परत काढायची आहे.

८ तारीख, रविवार

जे नको होतं ते झालं. डबीचा पडदा नानांनी बघितला. मी सामान आवरत होतो आणि त्यांनी ती सहज मागितली. जावई झालो तरी सासऱ्यांच्या हातून हिसकावून कशी घेणार?

"वा. ही खोली कुठे आहे?"

"हीच की."

नानांनी खोलीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा खोलीकडे बघितलं. "चांगलंय. माणसाला चष्मा लागतो तसा खोलीला हा लागतो म्हणायचा."

मी प्रसंगावधान राखलं. म्हटलं, "नाना, हा परिणाम फक्त लॉजच्या खोल्यांना होतो. त्यांच्या भिंतींना एक वेगळा रंग असतो. घरातल्या खोल्या जशा असतात तशाच येतात."

नाना गंभीरपणे मान हलवत राहिले. "असं असतं होय. लॉजच्या भिंतींनाच."

"फक्त लॉजच्या."

"बरं झालं सांगितलंत. मला उगाच शंका आली असती."

समजूतदार माणूस. शास्त्रीय कारण दिलं की पटतं. मात्र रात्रीच्या जेवणाला लेकीशी फोनवर बोलताना त्यांना जोराचा ठसका लागला. पाणी दिलं तरी डोळे पुसत होते. मिरची लागली असेल.

मी फोन हातात घेतला आणि हिला हळू आवाजात विचारलं, त्या पलंगाचं काय करायचं? ही म्हणाली, "मावेल की. तुम्हीच तर फोटो काढलाय." इथे माझा जीव जातोय आणि हिला विनोद सुचतात.

१० तारीख, मंगळवार

आजचा दिवस काही बरा गेला नाही.

तलावाकाठच्या लॉजवर पोचलो. इथले फोटो मी गेल्या वर्षी काढले होते, आता नव्या दोन खोल्यांचे काढायचे होते. जिन्यात एक वयस्कर बाई मॅनेजरशी बोलत होत्या. भांडत नव्हत्या, आवाजही चढवला नव्हता. हातात माझा फोटो, कागदावर छापून घेतलेला. "यात खिडकीपाशी दोन खुर्च्या आहेत. आम्ही ठरवलं होतं, सकाळी दोघांनी तिथे बसायचं आणि तलाव बघायचा. यांना आता चालवत नाही फार." खोलीचं दार उघडं होतं. आत त्यांचे यजमान पलंगाच्या कडेला बसले होते, पाय भिंतीला टेकत होते म्हणून तिरके. खुर्च्या नव्हत्या. असणार कशा? मी त्या खालच्या हॉलमधून वर नेल्या होत्या आणि पलंग जिन्यात काढून फोटो घेतला होता.

नानांनी कागद बघितला, खोली बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. खाली गेले आणि हॉलमधली एक खुर्ची उचलून चालायला लागले. पडल्यापासून कमरेला पट्टा लावलेला माणूस. मी धावत जाऊन दुसरी उचलली. आम्ही त्या बाहेर नेऊन पाण्याच्या अगदी जवळ ठेवल्या, मग त्या गृहस्थांना दोन्ही बाजूंनी धरून तिथे नेऊन बसवलं. बाई "बरं झालं हो" म्हणाल्या. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

गाडीत बसल्यावर नाना म्हणाले, "त्यांनी बसायचं ठरवलं होतं, जावईबापू."

"हो नाना."

बस, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवण कसं आहे, छान. खोली कशी आहे, छान. पंखा खडखडतोय का, छे, छान आहे. मला भीती वाटते आहे. हे घरी पोचतील, ती खोली बघतील, मला काही बोलणार नाहीत, छान म्हणतील आणि दुसऱ्या गाडीनं परत जातील. आणि पुन्हा एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरेल. हिला मी काय तोंड दाखवू?

११ तारीख, बुधवार

सकाळी शेवटचं लॉज. डबी काढली, कोपऱ्यात शिरलो, तर नाना आत येऊन पलंगाच्या कडेवर बसले.

"नाना, तुम्ही फोटोत येताय."

"येऊ दे. माणूस बसला की खोली केवढी ते कळतं."

सासऱ्यांना ऊठ कसं म्हणणार? तसाच काढला. नाना होते पार कडेला, आणि डबीच्या कडेला जे येतं ते रुंद होतं. नाना हे एवढे आडवे, दंड मांडीएवढे. त्यांनी पडदा बघितला आणि कालपासून पहिल्यांदा हसले. "हा माझ्या शाळेला पाठवा. म्हणावं, मास्तर अजून तयारीत आहेत." मग प्रत्येक खोलीत बसले. एकदा खिडकीत, एकदा आरशापुढे, एकदा कमोडच्या झाकणावर उभे राहणार होते, तेवढं मी हाता-पाया पडून थांबवलं.

दुपारी साहेबांचा फोन. "हा म्हातारा कोण? त्याच्यामुळे खोली खोलीएवढीच दिसतेय."

मी म्हटलं, "साहेब, खोली तेवढीच आहे."

हे मी का म्हटलं ते मलाच कळलं नाही. साहेब म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

१२ तारीख, गुरुवार

घरी पोचलो. ही दारात उभी. नाना बॅग घेऊन सरळ मागच्या खोलीकडे निघाले. मी पुढे होऊन दार अडवलं.

"नाना, काय आहे, मध्यंतरी रंग दिला ना, त्यामुळे भिंती जरा आत आल्यासारख्या..."

"घराच्याही?" नाना म्हणाले. "बाजूला व्हा, जावईबापू. आठ बाय नऊ आहे. लेकीनं टेप लावून मोजून सांगितलंय. मी येतो म्हटलं त्याच दिवशी."

मी हिच्याकडे बघितलं. हिला स्वयंपाकघरात एकदम फार काम निघालं.

"आणि टेम्पो?"

"कसला टेम्पो? पलंग आहे तिथेच आहे, चादर घालून ठेवलाय. परत गेलो तर झोपायला नको?"

म्हणजे आठवडाभर मी त्या पलंगाच्या काळजीनं झुरत होतो आणि हे दोघे फोनवर खिदळत होते. तो ठसका मिरचीचा नव्हता. माझा पारा चढला. तोंडातून निघून गेलं, "ठाऊक होतं तर मग आलात कशाला?"

नाना त्या छोट्या पलंगावर बसले. चेष्टेचा सूर गेला. म्हणाले, "लेक बोलावते, ती बोलावणारच. तिचा बाप आहे मी. पण जावई खोटं बोलून बोलावतो म्हटल्यावर घरी बसून राहणं शोभत नाही."

पाणी आणतो म्हणून बाहेर आलो आणि बाल्कनीतच थांबलो. पाणी शेवटी हिनंच नेऊन दिलं.

१५ तारीख, रविवार

ही काळजीत आहे. मला वाटलं आता सगळं सुरळीत झालं. नाना वेळेवर उठतात, अंथरुणाची घडी घालतात, ताट स्वतः उचलून ठेवतात. कशालाही नाव ठेवत नाहीत. भाजी छान, खोली छान, टीव्हीचा आवाज छान. मी म्हटलं, याहून गुणी सासरा कुठे मिळणार?

ही म्हणाली, "तेच तर. मागच्या दोन्ही वेळा असंच छान छान केलं आणि चौथ्या दिवशी बॅग भरली. आज चौथा दिवस आहे." सबंध दिवस ती काही ना काही निमित्तानं मागच्या खोलीत डोकावून येत होती. बॅग पलंगाखालीच होती, पण तिची चेन लावलेली होती. हे मीही बघून आलो. हिला सांगितलं नाही.

१७ तारीख, मंगळवार

आज माझा जो अपमान झाला तो लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

संध्याकाळी कामावरून येऊन बूट काढत होतो, तोच मागच्या खोलीतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ नाना कोपर चोळत बाहेर आले. असा आवाज मी त्यांचा फक्त त्यांच्या फाटकापाशी ऐकला होता.

"ही खोली आहे की पेटी? हे कपाट इथे कुणी ठेवलं? उठलं की कोपर, बसलं की गुडघा. आणि त्या खिडकीची कडी लागत नाही, रात्रभर खटखट. या घरात कुणाच्या लक्षात येतं की नाही? चहा तर असला गोड, की मुंग्यांना घातला तर त्याही नको म्हणतील."

मी बूट हातात घेऊन उभा.

"अरे, उभा काय राहिलास? पाठ सरळ कर आधी. उद्या कामावर जायचं नाही. ते कपाट बाहेर निघालं पाहिजे, कडी बसली पाहिजे, आणि त्या सायकलला एकदा काय ते वनवासाला धाड."

अरे. मला, जावयाला, बूट हातात असताना, अरे. मी एवढ्या खटपटी करून आणलं, साहेबांची बोलणी खाल्ली, कमोडवर उभा राहिलो, त्याचं हे फळ. तडक स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, ऐकलंस का तुझ्या वडिलांचं?

ही ओट्याला टेकून उभी होती. हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "कोपर आपटलं म्हणाले ना?"

"हो."

"चहा गोड आहे म्हणाले?"

"हो. आणि मला अरे म्हणाले."

तिनं तोंड पुसलं. "आता नाही जात नाना."

"हे तुला कोपरावरून कळलं?"

"अहो, पाहुण्याचं कोपर कधी दुखत नाही," ती म्हणाली आणि दुसरा चहा टाकला, बिनसाखरेचा.

बाहेरून नाना विचारत होते, घरात हातोडी आहे की तीही फोटोतच आहे. मग साहेबांना फोन करून उद्याची सुट्टी मागितली. कारण विचारलं, तर सांगितलं, घरातली एक खोली मोठी करायची आहे. साहेब म्हणाले, त्याला सुट्टी कशाला लागते, डबी आहे ना. मी म्हटलं, नाही साहेब, कपाटच काढावं लागणार.